बाबांची एमजी, पुण्याचं गिऱ्हाईक आणि 'जशी आहे तशी'

प्रश्न : माझ्या वडिलांची 1958 सालची एमजीए, दोन सीटांची उघडी स्पोर्ट्स कार, फोंड्याला घरामागच्या शेडमध्ये कित्येक वर्षं उभी आहे. वडील गेले, आरसी बुक अजून त्यांच्याच नावावर. घरी आई आणि मी, बहीण लग्न होऊन मडगावला. मूळ इंजिन जाम झाल्यावर वडिलांनी ॲम्बेसेडरचं बसवलं होतं. पुण्याचं एक गिऱ्हाईक गाडी 'रिस्टोरेशन प्रोजेक्ट' म्हणून रोखीत घ्यायला तयार आहे. कागद गाडी तयार झाल्यावर नावावर करून घेतो म्हणतो. 'जशी आहे तशी' लिहून दिलं की माझी जबाबदारी संपते ना?

उत्तर : संपत नाही. मुळात आज ही गाडी एकट्याने विकायचा हक्कच तुम्हाला नाही. आई-वडिलांचं लग्न गोव्यात नोंदलेलं असेल आणि लग्नाआधी वेगळा करार झालेला नसेल, तर आपल्या नागरी कायद्याप्रमाणे गाडीचा अर्धा वाटा आईचाच. उरलेला अर्धा तुम्हा भावंडांत सारखा. 'बहिणीला काय करायचीय गाडी' असं घरात कुणी म्हणेल; तिकडे लक्ष देऊ नका. तिची सही हवी, तिच्या नवऱ्याचीही घ्या. विशेष नोटरीपुढे सक्सेशन डीड, म्हणजे वारस कोण ते ठरवणारा दस्त, करा, आरटीओत फॉर्म 31 देऊन गाडी आधी वारसाच्या नावावर आणा आणि मगच विक्रीचं बोला. खाजगी गाडीची नोंदणी पहिली 15 वर्षं चालते, म्हणजे तुमची केव्हाच संपली असणार. टोकन घेण्याआधी आरटीओत फेरी मारून थकलेला कर आणि नूतनीकरणाचं विचारून या. गाडी पुण्याला जायची तर ती जिथे नोंदलेली आहे त्या आरटीओची एनओसी, म्हणजे ना-हरकत दाखलाही लागेल.

'कागद नंतर' याला साफ नकार द्या. हे रिस्टोरेशन वर्षानुवर्षं रखडतं, मध्येच गाडी तिसऱ्याला विकली जाते. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये अशाच हातोहात विकत गेलेल्या गाडीच्या अपघातात भरपाईची जबाबदारी आरसीवर नाव असलेल्यावर टाकली. मालकी बदलाच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या झाल्याशिवाय किल्ली देऊ नका. गाडी ट्रेलरवरच घालून न्यायची, विम्याशिवाय रस्त्यावर काढायची नाही, हेही करारात येऊ द्या.

आता इंजिन. खरं भांडण इथेच होईल. एमजीएचं 1489 सीसी इंजिन आणि जुन्या पेट्रोल ॲम्बेसेडरचं, दोन्ही बीएमसी, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या एकाच 'बी सिरीज' घराण्यातली. तुमच्या वडिलांच्या मिस्त्रीने डोकं चालवलं होतं! पण त्यामुळेच बॉनेट उघडून वरवर पाहणारा सहज फसेल. कराराच्या कायद्यात नुसतं गप्प राहणं सहसा फसवणूक ठरत नाही; मात्र खोटं सांगणं, किंवा माहीत असलेली गोष्ट मुद्दाम झाकणं ठरतं, आणि मग 'जशी आहे तशी' हे शब्द कोर्टात उभे राहत नाहीत. 'ओरिजिनल' हा शब्द जाहिरातीत आणि व्हॉट्सॲपवरही टाकू नका. करारात सरळ लिहा : इंजिन ॲम्बेसेडरचं, त्यावरचा नंबर अमुक, आरसीवरचा तमुक, फ्लोअरचा पत्रा गंजलेला, गाडी चालत नाही. चासी नंबरचा आणि गंजाचा फोटो जोडून त्यावर गिऱ्हाइकाची सही घ्या. त्याने स्वतःचा मेकॅनिक आणून गाडी उचलून खालून पाहिली, हेही नोंदवा. पाहायची पुरी संधी मिळालेल्याला पुढे तक्रार करणं जड जातं.

व्हिंटेज नोंदणी, म्हणजे जुन्या गाड्यांची वेगळी नोंदणी, मिळेल असं आश्वासन चुकूनही देऊ नका. 2021 च्या नियमांत पन्नास वर्षांची अट आहेच, पण चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला चालत नाही. ते त्याचं तो बघेल.

पैसे बँकेतूनच घ्या. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर तेवढाच दंड होऊ शकतो. नफ्यावर करही लागू शकतो. घरच्या वापराची गाडी करातून सुटते, मात्र 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने 1931 च्या एका फोर्डच्या प्रकरणात गाडी खरोखर वापरल्याचा पुरावा नाही म्हणून ती सूट नाकारली. वडील गाडी चालवत होते तेव्हाच्या विम्याच्या पावत्या, पेट्रोलची बिलं, फोटो कपाटात असतील तर शोधा, आणि आरसी बुकासोबत गिऱ्हाइकाच्या हाती देऊन टाकू नका.