उबुंटूचा कंटेनर चालू केला की लगेच बंद का होतो?

प्रश्न : नमस्कार सर, पंधरा दिवस झाले डॉकर (प्रोग्राम कंटेनर नावाच्या वेगळ्या कप्प्यात चालवायचं साधन) शिकतोय. व्हिडिओत सांगितलं की कंटेनर म्हणजे छोटं व्हर्च्युअल मशीनच, म्हणून मी उबुंटूचा (लिनक्सचा एक प्रकार) कंटेनर रन केला, तर एरर नाही काही नाही, सेकंदात बंद. परत केला, परत तेच. दुसरं म्हणजे पोस्टग्रेस या डेटाबेसचा कंटेनर डिलीट करून नवीन बनवला तर आधीचे टेबल सगळे गायब. माझं इन्स्टॉलेशन गंडलंय का? आणि कुबरनेटीस (कंटेनर सांभाळणारी सिस्टीम) आत्ताच सुरू करू का?

उत्तर : इन्स्टॉलेशन ठणठणीत आहे, गोची त्या "छोटं व्हर्च्युअल मशीन"मध्ये आहे. व्हर्च्युअल मशीनमध्ये अख्खी ऑपरेटिंग सिस्टीम बूट होते, स्वतःच्या कर्नलसकट (कर्नल म्हणजे सिस्टीमचा गाभा). कंटेनरात बूट वगैरे काही होत नाही, तो लिनक्सवर चालणारा साधा प्रोसेस, म्हणजे चालू प्रोग्राम आहे, फक्त त्याला झापडं बांधलीयत. नेमस्पेस या लिनक्सच्या सोयीमुळे त्याला बाकीचे प्रोसेस, नेटवर्क दिसत नाही, आणि मेमरी-सीपीयू किती खायचा त्याचा लगाम सीग्रुप्स या दुसऱ्या सोयीकडे. हे दोन्ही लिनक्समध्ये आधीपासूनच होतं, २०१३ला डॉकर आलं आणि त्यांनी ते एका कमांडवर आणून ठेवलं एवढंच.

खात्री करायची तर कंटेनरात स्लीप ३०० (३०० सेकंद नुसतं थांबणारी कमांड) चालवा आणि बाहेर दुसऱ्या टर्मिनलमध्ये पीएस (प्रोसेसची यादी दाखवणारी कमांड) मारा, तोच स्लीप तिथे दिसेल, आत त्याचा पीआयडी (प्रोसेसचा नंबर) १ आणि बाहेर भलताच कुठला तरी मोठा आकडा. (विंडोज किंवा मॅकवर नाही दिसणार, तिथे डॉकर डेस्कटॉप पडद्यामागे एक लिनक्स व्हर्च्युअल मशीन चालवतं, म्हणूनच तो गोंधळ होतो.)

आता तुमचा उबुंटू. त्यातला मुख्य प्रोसेस बॅश, म्हणजे टाइप केलेल्या कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम. त्याला टर्मिनल दिलंच नाही तर तो वाचणार काय, संपला बिचारा, आणि प्रोसेस संपला की कंटेनर संपला. डॉकर पीएस माइनस ए करा (बंद झालेलेही कंटेनर दिसतात), एक्झिटेड पुढे शून्य दिसेल, म्हणजे काम नीट झालं. रन करताना माइनस आयटी लावा, म्हणजे टर्मिनल मिळेल आणि तो चालू राहील.

टेबलांचं मात्र रडू नका एवढ्यात. इमेज म्हणजे ज्यातून कंटेनर बनतो तो साचा, तो एकावर एक लेयरचा (थरांचा) असतो. हे लेयर रीड-ओन्ली असतात, कंटेनर जे काय लिहितो ते सगळ्यात वरच्या पातळ लेयरवर, आणि कंटेनर डिलीट केला की तो लेयरही जातो. नुसता स्टॉप केला तर जात नाही, स्टॉप आणि डिलीट लोक नेहमी एकच समजतात. पण पोस्टग्रेसची अधिकृत इमेज डेटासाठी आपणहून एक बिननावाचं व्हॉल्यूम (कंटेनरच्या बाहेर डेटा ठेवायची जागा) बनवते. रन करताना डबल माइनस आरएम (कंटेनर संपताच पुसून टाकायचा पर्याय) लावलं नसेल तर डॉकर व्हॉल्यूम एलएस करून बघा, एखादं लांबलचक अगम्य नावाचं पडलेलं असेल, तुमचे टेबल बहुतेक त्यातच. बघायच्या आधी चुकूनही प्रून (न वापरलेलं पुसून टाकणारी कमांड) मारू नका, मी मारलंय एकदा, नंतर आख्खी रात्र डेटा परत भरत बसलो होतो. पुढच्या वेळी व्हॉल्यूमला नाव देऊनच जोडा, आणि डेटाचा पाथ इमेजच्या माहितीत बघून द्या, पोस्टग्रेसच्या व्हर्जन १८पासून तो बदललाय, जुन्या ट्यूटोरियलमधला नाही चालणार.

कुबरनेटीस आत्ता अजिबात नको. ते खूप मशीनवरचे कंटेनर सांभाळायला असतं, तुमच्याकडे मशीन एक आणि कंटेनर दोन. त्यापेक्षा स्वतःच्या एखाद्या प्रोग्रामची डॉकरफाइल (इमेज कशी बनवायची त्याच्या पायऱ्या, प्रत्येक पायरीचा एक लेयर) लिहा. लायब्ररींची यादी आधी कॉपी करून इन्स्टॉल करा आणि कोड नंतर कॉपी करा, उलटं केलंत तर कोडमध्ये एक स्वल्पविराम बदलला तरी सगळ्या लायब्ररी पहिल्यापासून, कारण एक लेयर बदलला की त्याच्यानंतरचे सगळे परत बनतात. मग तो प्रोग्राम पोस्टग्रेसला जोडायला जाल, सवयीने पत्ता म्हणून लोकलहोस्ट (म्हणजे "हेच मशीन") लिहाल आणि कनेक्शन रिफ्यूज्ड येईल. कंटेनरातला लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनर स्वतःच, झापडं आठवा. डॉकर नेटवर्क क्रिएटने एक नेटवर्क बनवा, दोघांना त्यात घाला आणि लोकलहोस्टच्या जागी पोस्टग्रेसच्या कंटेनरचं नाव लिहा.