गॅस काढताना निघालेला कार्बन डायऑक्साइड जमिनीखाली सोडला तर तो परत वर येत नाही का?

जागा नीट निवडली असेल तर नाही येत, आणि हे नुसतं कागदावर नाहीये, नॉर्वेच्या समुद्रात स्लाइपनर फील्डवर १९९६ पासून चालू आहे. तिथल्या गॅसमध्ये जवळपास ९ टक्के सीओटू आहे, तो २.५ टक्क्यांच्या खाली आणल्याशिवाय गॅस विकता येत नाही, म्हणून अमाइन नावाच्या केमिकलने तो वेगळा करावा लागतोच. आधी असा सीओटू सरळ हवेत सोडून द्यायचे, पण नॉर्वेने १९९१ मध्ये कार्बन टॅक्स (हवेत सोडलेल्या सीओटूवर कर) लावला आणि मग खाली सोडणं परवडायला लागलं. (टॅक्सचा असा उपयोग होतो हे मला फार महत्त्वाचं वाटतं.)

आता तो खाली राहतो कसा, तर समुद्रतळाच्या ८०० मीटरहून खाली वाळूच्या दगडाचा थर आहे, दगडाच्या बारीक छिद्रांत खारं पाणी असतं, तिथे दाबामुळे सीओटू दाट होऊन कमी जागेत मावतो, वर शेलचा (चिकणमातीपासून बनलेल्या घट्ट दगडाचा) जाड थर झाकणासारखा बसलेला असतो, आणि हळूहळू थोडा सीओटू पाण्यात विरघळतो. सिस्मिक सर्व्हे करून (म्हणजे खाली ध्वनिलहरी सोडून त्यांचे प्रतिध्वनी तपासून) तो कुठे पसरतोय ते बघत राहतात.

सगळीकडे इतकं सोपं नाही हां. नॉर्वेच्याच स्नोहविट गॅस फील्डला थरातला दाब वाढला म्हणून दुसऱ्या थरात सोडावा लागला, ऑस्ट्रेलियाच्या गॉर्गन गॅस प्रकल्पात २०१९ ला सुरुवात झाली पण ठरवल्यापेक्षा बराच कमी सीओटू खाली गेला. आणि तो विकलेला गॅस जळतो तेव्हाचा सीओटू यात धरलेलाच नाही, तो हवेतच जातो.