जन्मठेप ही फाशीपेक्षा अधिक माणुसकीची शिक्षा आहे का?

आपण विचारले आहे की, जन्मठेप ही फाशीपेक्षा अधिक माणुसकीची शिक्षा म्हणता येईल का. माझ्या मते म्हणता येईल, मात्र कैद्याला कधीतरी बाहेर पडण्याची आशा कायद्याने शिल्लक ठेवली असेल तरच.

नाशिककडच्या २००३ सालच्या एका हत्याकांडात भटक्या जमातींतील सहा जणांना सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये फाशी ठोठावली, आणि २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने सहाही जणांची निर्दोष मुक्तता करून राज्य सरकारला प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देण्यास सांगितले. त्यांची उमेदीची वर्षे तुरुंगात गेली, ती कोणी परत देऊ शकत नाही. पण मधल्या दहा वर्षांत फाशीची अंमलबजावणी झाली असती, तर ती भरपाई कोणाच्या हातावर ठेवली असती?

जन्मठेप म्हणजे चौदा वर्षे, हा समज मात्र चुकीचा आहे. जन्मठेप म्हणजे उरलेले सगळे आयुष्य, असे सर्वोच्च न्यायालयाने गांधीहत्येच्या खटल्यात जन्मठेप झालेल्या गोपाळ गोडसे यांच्या प्रकरणात १९६१ मध्येच सांगितले होते. खुनासारख्या गुन्ह्यात चौदा वर्षे ही सुटकेचा विचार होण्याआधीची किमान मुदत आहे.

मला खरी अडचण वाटते ती मुंबईतल्या शक्ती मिल सामूहिक बलात्कार प्रकरणाच्या निकालात. २०१३ मध्ये त्या तरुणीवर काय गुजरले, हे आम्ही मुंबईकर विसरलेलो नाही. मृत्यूने पश्चात्तापच संपतो, असे म्हणत उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये तिघांच्या फाशीऐवजी मरेपर्यंत जन्मठेप दिली, पण कैद्याला काही दिवस घरी जाऊ देणाऱ्या संचित रजा (फर्लो) आणि अभिवचन रजा (पॅरोल) दोन्ही नाकारल्या. पश्चात्ताप हवा असेल, तर तो झालेल्या माणसाला वाट कुठे ठेवली, हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही.

सात रस्त्याजवळच्या आमच्या चाळीत एका जन्मठेपेच्या कैद्याची आई राहते. तिच्या कालनिर्णयवर दुधाच्या खाड्यांच्या शेजारीच मुलाच्या संचित रजेचे दिवस लाल पेनाने गोल केलेले असतात. तो येतो, पोलीस ठाण्यात हजेरी लावतो, आईचे रेशन भरून देतो आणि मुदत संपली की स्वतःहून कारागृहात हजर होतो. त्याने केलेला गुन्हा मी लहान मानत नाही. तरीही जन्मठेपेला मी माणुसकीची शिक्षा म्हणतो, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर ते लाल गोल असतात.