दार-एस-सलामला निघण्यापूर्वी

रामबाग, इंदूर

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

टांझानियाच्या नकाशा-प्रकल्पावर तुझी निवड झाल्याचं आईकडून कळलं, फार आनंद झाला. तू पाठवलेला आराखडाही वाचला. त्यात सर्व्हर आहे, पोर्टल आहे, ड्रोन आहेत. पण प्रकल्पाचे पैसे संपल्यावर जिल्ह्याच्या कचेरीत नवा रस्ता नकाशावर कोण चढवणार, ते कुठेच नाही. तिथे गेल्यावर आधी तेच विचार.

रवांडाचं काम नीट अभ्यास. २००९ ते २०१३ या काळात तिथे सुमारे १ कोटी जमिनींची नोंद झाली. गावातलीच मुलं शिकवून तयार केली. हवाई छायाचित्राची मोठी प्रत घेऊन ती शेतात जायची, शेजारीपाजारी जमायचे आणि सगळ्यांच्या देखत त्या प्रतीवर हद्द आखली जायची. सेंटिमीटरपर्यंत अचूक मोजण्याचा हट्ट धरला असता तर एवढ्या वेळात हे होणं शक्यच नव्हतं. पण पुढचंही वाच. नंतरच्या खरेदी-विक्रीची नोंद करायचं शुल्क गरिबांना जड गेलं, बरेच व्यवहार नोंदीबाहेर राहिले आणि एवढ्या कष्टाची दप्तरं मागे पडू लागली. मला याचंच वाईट वाटतं.

संयुक्त राष्ट्रसंघ आणि जागतिक बँक यांनी नकाशे आणि जागेची माहिती देशाने कशी सांभाळावी याची २०१८ साली जी चौकट आखली, तिच्या ९ वाटांपैकी डेटा, नवोन्मेष आणि मानकं एवढ्याच तंत्राच्या. बाकीच्या कारभार, कायदा, पैसा, भागीदारी, शिक्षण आणि संवाद यांच्या. तुझा आराखडा पहिल्या तिनांतच संपतो.

जुन्या नकाशांना हात लावताना जपून. आपल्याकडचे जुने नकाशे सिरोंजजवळच्या कल्याणपूरचा बिंदू मूळ धरून बेतलेले, तसा टांझानियाचा जुना आधार, म्हणजे जागा मोजायची मूळ चौकट, आर्क १९६०. जीपीएस चालतो डब्ल्यूजीएस ८४ या वेगळ्या, जगभरच्या आधारावर. एका आधारावरून दुसऱ्यावर रूपांतर न करता नकाशांचे थर एकमेकांवर टाकलेस तर रस्ता लोकांच्या घरांवरून जाईल. म्हणून प्रत्येक फाइलसोबत कोणी मोजलं, कधी, कोणत्या आधारावर, हे लिहिलंच पाहिजे. कंटाळवाणं काम आहे, तरी त्यात सूट देऊ नकोस. आणि कोणी डेटा द्यायला का-कू केली तर रागावू नकोस. आपल्याकडेही नकाशांवरचे निर्बंध सैल व्हायला २०२१ उजाडलं.

दार-एस-सलाममध्ये २०१५ पासून ‘रमानी हुरिया’ या उपक्रमात विद्यापीठातल्या मुलांनी आणि वस्तीतल्या लोकांनी मिळून पुराचा धोका असलेल्या भागांतली घरं, रस्ते, गटारं ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनीच मिळून बनवलेल्या खुल्या नकाशावर आणली. ती मुलं आता कुठे आहेत ते शोध. त्यांतल्या दोघातिघांना तरी सरकारी कचेरीत कायमची जागा मिळावी म्हणून भांड, पोर्टल चार महिने उशिरा झालं तरी चालेल.

खर्चाचा तक्ता मला पाठव. प्रकल्प संपल्यानंतरच्या वर्षाचा पगार कोणत्या खात्यातून निघायचा, ते आपण बसून पाहू.

तुझे,
काका