नाक मागच्या दाराला

प्रश्न : समुद्रकाकडीच्या (समुद्रतळावरचा, काकडीसारखा लांबट प्राणी) गुदद्वारातून आत शिरून राहणारा मासा असतो, असं वाचलं. माझा नववीतला मुलगा हसून गडाबडा लोळतोय, मला मात्र पटत नाही. खरंच असेल, तर ती बिचारी दार घट्ट मिटून का घेत नाही?

उत्तर : मुलाला पोटभर हसू द्या, गोष्ट खरी आहे. हा पर्लफिश. उष्ण समुद्रांतला, साधारण वीतभर लांबीचा, वामसारखा निमुळता. अंगावर खवले नाहीत आणि कातडी इतकी पारदर्शक की आतला कणा दिसावा.

दार ती मिटतेच हो! पण मिटून बसणार किती वेळ? समुद्रकाकडी श्वास घेते तोच मुळी मागून. गुदद्वारातून पाणी आत ओढायचं, फांद्या फुटलेल्या श्वसननलिकांत खेळवायचं, पुन्हा बाहेर सोडायचं. मी एकदा टाकीसमोर उकिडवा बसून हा प्रकार पाहिलाय. मासा त्या बाहेर येणाऱ्या पाण्याचा माग काढत आला आणि भोकाशी डोकं लावून थांबला. भोक मिटलं. हा ढिम्म! शेवटी श्वासासाठी ते उघडलं, तशी त्याने शेपटीचं टोक डोक्यापाशी वळवून आत सारलं आणि मागे मागे सरकत गडप झाला.

त्याचं स्वतःचं गुदद्वार कुठे, तर गळ्याखाली. तेव्हा शरीर आत ठेवून डोकं तेवढं बाहेर काढलं की विधी उरकता येतो.

पर्लफिशांपैकी कॅरॅपस वंशातले मासे आत नुसते राहतात. रात्री बाहेर पडून कोळंबीसारखे जीव आणि लहान मासे खातात. एन्केलिओफिस वंशातले मात्र यजमानाची जननग्रंथीच कुरतडतात. त्यांना पाहुणे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आणि एका समुद्रकाकडीत एकच मासा असतो असंही नाही : इंडोनेशियाजवळच्या बांदा समुद्रातल्या एकीत 15 निघाले, 1977 साली तशी नोंद छापून आली.

नावात मोती का? काही पर्लफिश शिंपल्यांत राहतात. एखादा तिथेच मेला, तर शिंपला त्याच्यावर मोत्याचा थर चढवतो. आत मासा, वरून चकाकी.

आता तुमच्या मुलासाठी एक : ॲक्टिनोपायगा वंशातल्या समुद्रकाकड्यांना पाच दात असतात. तोंडात नव्हे, तिथेच.