किरण मासा नव्हे, पाकट!

एका वाचकमित्रानं विचारलंय: ‘समुद्रावरच्या एका माहितीपटाच्या मराठी निवेदनात सारखा "किरण मासा" ऐकू येत होता. पडद्यावर तर आमच्या बाजारात मिळतं ते पाकट दिसत होतं. आमची मालवणची आत्या त्यालाच वागळी म्हणते. यातलं बरोबर काय?’

पाकट बरोबर, वागळीही बरोबर. चुकला आहे तो किरण.

या माशाला इंग्रजीत ‘स्टिंग रे’ म्हणतात, आणि इंग्रजीत ‘रे’ हे मुळात दोन वेगळे शब्द आहेत. उजेडाचा ‘रे’ लॅटिन ‘रादिउस’वरून आला, त्याचा अर्थ काठी, चाकाचा आरा. माशाचा ‘रे’ आला ‘राया’वरून, आणि राया हे लॅटिनमध्ये त्या माशाचंच नाव. पुढे दोघांचा उच्चार एक झाला, एवढंच. आपल्याकडे शेतातला पाट आणि जेवायला मांडलेला पाट असतो ना, तसं. भाषांतर करणाऱ्यानं पहिला सापडलेला अर्थ उचलला आणि किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या नांदणारा शब्द बाजूला पडला. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पाकट हा शब्द मला पाख, पाखरू, पाकोळी यांच्या घरातला वाटतो. माशाकडे पाहिलं की हे पटतं. छातीचे दोन्ही पर डोक्यापर्यंत भिडून सगळं अंगच एक चपटी थाळी झालेलं. पोहताना तो या परांच्या कडांवरून लाटा सोडतो किंवा पर पंखांसारखे वरखाली हलवतो. बाजारात पाकट उलटं ठेवलेलं असलं तर पांढऱ्या पोटावर एक चेहरा दिसतो. मुलं त्यातल्या दोन भोकांना डोळे समजतात, पण त्या नाकपुड्या. खाली तोंड, त्याच्यामागे कल्ल्यांच्या पाच-पाच फटी. खरे डोळे पाठीवर, आणि त्यांच्या लगेच मागे दोन छिद्रं. वाळूत अंग पुरून बसलेलं पाकट या छिद्रांतून पाणी आत घेतं आणि खालच्या फटींतून सोडतं, म्हणून नाकातोंडात वाळू जात नाही. उथळ, वाळूचा किंवा चिखलाचा तळ आणि खाड्यांची तोंडं ही त्याची आवडती जागा. खाणं म्हणजे खेकडे, कोळंबी, शिंपल्या.

आता आत्याची वागळी. वाघूळ म्हणजे वटवाघूळ, संस्कृतात वल्गुली. वागळी हे त्याच कुळातलं नाव. ‘वाघळी’ असंही लिहिलेलं दिसतं, पण इथे वाघाचा काही संबंध नाही. वाघूळमधला ‘घ’सुद्धा वाघाच्या ओढीनंच आला असावा. म्हणजे बघा, एका गावानं पंख पाहिले, दुसऱ्यानं पंख पसरलेलं वटवाघूळ. आणि ते शोभतंही, कारण वटवाघळासारखीच पाकटाची मादीही अंडी न घालता जिवंत पिल्लं देते. पोटातल्या पिल्लांना गर्भाशयातून पाझरणाऱ्या दुधासारख्या द्रवावर वाढवते.

प्रश्नात नव्हतं, पण एक शब्द सांगून ठेवतो. पाकटाच्या शेपटीवर असतो तो ‘काटा’, ‘नांगी’ नव्हे. नांगी विंचवाची, अगदी टोकाला. पाकटाचा काटा शेपटीच्या पाठीवर असतो, मागे वळलेल्या दातेरी कडांचा, आणि घडणीनं तो एक बदललेला खवलाच. तुटला तर नवा उगवतो. काट्याच्या खाचांत विषारी पेशी असतात. हे विष उष्णतेनं निकामी होतं, म्हणून पायाला लागलं तर सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवतात आणि डॉक्टरकडे नेतात. जखमेतला काट्याचा तुकडा नुसत्या डोळ्यांना दिसेलच असं नाही.

शास्त्रीय नावांतही किनाऱ्याची भाषा टिकलेली सापडते. आपल्या समुद्रातही असलेल्या एका मोठ्या पाकटाचं नाव ‘पास्टिनाकस सेफेन’. यातलं ‘सेफेन’ अरबी आहे. अरबस्तानात गेलेल्या डॅनिश मोहिमेतला निसर्गशास्त्रज्ञ पेटर फोर्स्कोल यानं तांबड्या समुद्रावर असताना हे नाव नोंदवलं. तो 1763 मध्ये येमेनमध्ये वारला; त्याची टिपणं सहप्रवासी कार्स्टन नीबूर यानं 1775 मध्ये छापली. हाच नीबूर मधल्या काळात वर्षभराहून अधिक मुंबईत राहिला होता.

तेव्हा ‘स्टिंग रे’ला मराठीत पाकट म्हणा. नपुंसकलिंगी: ते पाकट, ती पाकटं. मालवणच्या गोष्टीत मात्र वागळीच हवी, आत्या म्हणते तशी.