बॅरल बदलता येणारी जुनी रिव्हॉल्व्हर: फटीचं गणित

या वेळचे बहुतेक प्रश्न डॅन वेसन कंपनीच्या मॉडेल १५-२ रिव्हॉल्व्हरबद्दल आहेत. डॅनियल बी. वेसन दुसरे यांनी १९६८ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या मॉन्सन इथे ही कंपनी सुरू केली. तिच्या रिव्हॉल्व्हरची रचना लक्षात घेतली की निम्मे प्रश्न आपोआप सुटतात. बारीक बॅरल फ्रेममध्ये आट्यांवर बसते, तिच्यावरून श्राउड हे बाहेरचं कवच सरकवतात आणि तोंडाशी नट आवळून दोन्ही ताणून धरतात. बॅरल किती आत फिरवली, त्यावर तिच्या आणि सिलिंडरच्या (काडतुसं बसतात त्या फिरत्या भागाच्या) मधली फट ठरते.

प्रश्न: चार इंची बॅरल काढून सहा इंची बसवायची आहे. सोबत आलेली पातळ पत्ती नेमकी कशी वापरायची?

आधी सिलिंडर उघडा, त्यातली काडतुसांची सहाही घरं डोळ्यांनी आणि बोटानं तपासा, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवा. उघडण्याची कळ मागे शोधू नका. ती सिलिंडरच्या पुढे, क्रेनवर (सिलिंडर बाजूला झुलवणाऱ्या हातावर) असते आणि खाली दाबायची असते.

पाना तोंडावर सरळ धरून नट सोडवा. पाना तिरका होऊन घसरला तर बॅरलच्या तोंडाची कड दुखावते, आणि अचूकता तिथेच जाते. श्राउड ओढून काढा, बॅरल हातानं फिरवून सोडवा. फ्रेममधले आटे ब्रशनं कोरडे, स्वच्छ करा. तिथे शिशाचा एक कण राहिला तरी बॅरल तिरपी बसते. नव्या बॅरलच्या आट्यांना तेलाचं फक्त बोट लावा.

आता सिलिंडर बंद करा. .३५७ मॅग्नम काडतुसाच्या रिव्हॉल्व्हरसाठी ०.००६ इंचाची, म्हणजे साधारण ०.१५ मिलिमीटरची पत्ती सिलिंडरच्या पुढच्या तोंडाला चपटी टेकवा आणि बॅरल पत्तीला हलकेच टेकेपर्यंत आत फिरवा. श्राउडचं भोक फ्रेमवरच्या खुंटीवर बसवा आणि *पत्ती जागेवर ठेवूनच* नट आवळा. पत्ती आधीच काढली तर नटाबरोबर बॅरलही आत फिरते आणि फट मिटते.

आवळून झाल्यावर पत्ती किंचित घासत बाहेर यायला हवी. ती सैल निघाली तर नटाच्या ओढीनं आट्यांतली ढिलाई पुढे सरकली आहे, एवढाच त्याचा अर्थ. नट सोडा, बॅरल केसभर आत घ्या, पुन्हा आवळा. पहिल्या खेपेला तीन-चार वेळा करावं लागतं, त्यात काही चूक नाही. शेवटी सिलिंडर फिरवून सहाही घरांसमोर मोजा, कारण सिलिंडरचं तोंड सगळीकडे अगदी सारखं असेलच असं नाही. सगळ्यांत अरुंद जागा प्रमाण धरायची.

प्रश्न: फट आणखी कमी केली तर वेग वाढेल ना? तीस-चाळीस गोळ्यांनंतर सिलिंडर अडकतो, त्याचा याच्याशी संबंध आहे का?

सरळ संबंध आहे. फट अरुंद असली की वायू कमी निसटतो, वेग थोडा वाढतो. पण सिलिंडर तापून फुगतो, तोंडावर काजळी आणि शिसं साचतं आणि तो बॅरलच्या मागच्या कडेला घासू लागतो. फट ठरवताना आणखी एक गोष्ट निसटते: सिलिंडर पुढे-मागे किती हलतो. बोटानं पुढे दाबून एकदा, मागे दाबून एकदा मोजा. दोन मापांतला फरक म्हणजे ती हालचाल. मागे दाबून ०.००६ दिसत असलं आणि पुढे दाबल्यावर फट जेमतेम उरत असली, तर बॅरलवर उपाय शोधू नका. दोष क्रेनमध्ये किंवा सिलिंडरमध्ये आहे आणि ते काम बंदूक-कारागिराचं.

फट नीट असूनही अडकत असेल तर रिकामी काडतुसं बाहेर ढकलणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरच्या चांदणीखाली बघा. न जळलेल्या दारूचे दोन-तीन दाणे तिथे अडकले तरी काडतुसांच्या बुडाशी जागा उरत नाही. रिकामी काडतुसं काढताना नळीचं तोंड आकाशाकडे ठेवलं, तर हे दाणे खाली पडून जातात.

प्रश्न: बॅरल बदलली की नेम दर वेळी हलतो. कायमचा उपाय आहे का?

पुढची माशी (नेम धरायचा उंचवटा) श्राउडवर असते, म्हणून बॅरलसोबत तीही बदलते. नेम हलणारच. वहीत नोंद ठेवा: मागच्या साइटचा (नेमाच्या खाचेचा) स्क्रू हलक्या हातानं पूर्ण खाली न्या आणि वर येताना ‘टिक’ मोजा. प्रत्येक बॅरलचा आकडा वेगळा लिहा. एकाच बॅरलवर गोळ्या विखरत असतील तर आधी नट तपासा. ताण गेला की अचूकता गेली. पान्याला पाइप जोडून जोर मात्र लावू नका.

प्रश्न: .३८ स्पेशल भरपूर चालवल्यावर .३५७ ची काडतुसं घरात पूर्ण जात नाहीत.

.३८ चं काडतूस आखूड असतं, त्यामुळे घरात त्याच्या तोंडापुढे काजळीचं कडं तयार होतं. दाबून बसवू नका. द्रावण लावून दहा मिनिटं थांबा आणि पितळी ब्रशनं प्रत्येक घर साफ करा.

प्रश्न: ट्रिगर हलका करण्यासाठी स्प्रिंग कापली तर?

नको. कापलेल्या स्प्रिंगनं हॅमरचा, म्हणजे मागच्या हातोडीचा, मार कमजोर होतो आणि कडक प्रायमर (काडतुसाच्या बुडातल्या पेटवणाऱ्या टोप्या) फुटत नाहीत. डबल-अ‍ॅक्शनमध्ये (ट्रिगरच्या ओढीनंच हॅमर मागे जातो तेव्हा) ते आधी जाणवतं, कारण तिथे हॅमर सिंगल-अ‍ॅक्शनपेक्षा (हॅमर हातानं उभा करून मारण्यापेक्षा) कमी मागे जाऊन सुटतो. आतली घाण, जुनं घट्ट झालेलं ग्रीस स्वच्छ केलं तरी बराच फरक पडतो. सिअरच्या (उभा हॅमर अडवून धरणाऱ्या भागाच्या) कडांना घरी कानस लावणं तर साफ टाळा; काही हजारांश इंच गेले की उभा केलेला हॅमर धक्क्यानं पडू शकतो.

ट्रिगरमागचा थांबा-स्क्रू जपून फिरवा. जास्त आत गेला तर हॅमर उतरताना सिअरवर घासतो. रिकाम्या रिव्हॉल्व्हरवर अगदी सावकाश ओढून बघा, घासल्याचा स्पर्श बोटाला कळतो. तसं झालं तर अर्धा फेरा मागे घ्या, आणि पुन्हा सहाही घरांवर तपासा.

प्रश्न: लाकडी मूठ स्वतः घडवता येईल?

हाच या रचनेचा सगळ्यांत मोकळा भाग. मुठीत फ्रेमची चौकट नाही, एक खुंटी आहे आणि खालून एक स्क्रू येतो. म्हणून अख्ख्या लाकडाच्या ठोकळ्यातून हव्या त्या आकाराची मूठ काढता येते. खुंटीचं भोक मात्र घट्ट ठेवा आणि लाकडाचे तंतू उभे घ्या. आडवे असले तर स्क्रू आवळताना खालचं टोक तडकतं.